साडेतेरा घनफूट

गेली दोन वर्षं मी अमेरिकेतल्या एका तेल-वायू कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. पुण्यात बसून, अर्थातच. कंपनीच्या विहिरी, पाइपलाइनी, टाक्या यांतून वर्षभरात किती हरितगृह वायू हवेत गेला याचा हिशोब ठेवायचा आणि डिसेंबर संपला की अहवाल काढायचा, एवढंच काम. नातेवाइकांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे प्रदूषण मोजतोस?" मी मान डोलावतो. लग्नाच्या पंगतीत याहून खोलात शिरता येत नाही.

पण आज वीकांत आहे, हातात चहा आहे, आणि नमनाला घडाभर तेल घालून झालंय (तेलाचाच विषय आहे, चालायचंच!). तर खरं उत्तर असं, की मोजणं फार थोडं. बाकी सगळा गुणाकार.

कसा ते सांगतो. माळरानावरच्या विहिरीपाशी बऱ्याचदा वीज नसते. मग झडपा उघडमीट करायला विहिरीतून येणाऱ्या वायूचाच दाब वापरतात आणि काम झालं की तो वायू हवेत सोडून देतात. ही गळती नव्हे बरं का, डिझाइनच तसं आहे! आता अशी हजारो उपकरणं आहेत, प्रत्येकाला मीटर कोण लावणार? म्हणून एक सरासरी आकडा ठरवलेला असतो, त्याला म्हणायचं उत्सर्जन गुणांक, आमच्या भाषेत फॅक्टर. उपकरणं किती ते मोजा, वर्षाचे तास घ्या, फॅक्टरने गुणा. झाला अहवाल.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या नियमांत, गरजेपुरताच वायू सोडणाऱ्या उपकरणाला अनेक वर्षं हा आकडा होता ताशी साडेतेरा घनफूट. वर्षाचे झाले १ लाख १८ हजार घनफूट. सगळा मिथेनच धरला तर सव्वादोन टनांच्या आसपास. एका उपकरणाचा!

हे साडेतेरा आले कुठून हे शोधायला मी एकदा जुन्या कागदपत्रांत शिरलो. धागा पोचला ईपीए आणि गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या १९९६ च्या अभ्यासापर्यंत. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे कुणीतरी माझ्या जन्माआधी काही उपकरणं तपासली, सरासरी काढली, आणि ती सरासरी कॉन्फिग फाइलीत बसवून मी पगार घेतोय. २०२४ च्या सुधारणेत ईपीएने हे फॅक्टर बदलले, पण तोवर कित्येक वर्षांचे अहवाल त्यांच्यावर निघून गेले होते.

घरचं उदाहरण द्यायचं तर विजेचं मीटर बंद पडल्यावर 'सरासरी'चं बिल येतं ना, तसं. तुम्ही महिनाभर गावाला असा नाहीतर दिवसरात्र एसी लावून बसा, बिल तेवढंच. सगळ्या शहराची बेरीज कदाचित बरोबर येईल, पण तुमच्या घराबद्दल ते बिल काहीच सांगत नाही. बिघडलेलं उपकरण सतत वायू ओकत असतं, धडधाकट उपकरण अगदी थोडा सोडतं, अहवालात दोघंही साडेतेरा. आणि या धंद्यात बिघडलेल्यांचाच वाटा मोठा. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सगळ्यात मोठ्या ५ टक्के गळत्यांतून निम्म्याहून जास्त मिथेन जातो. दुरुस्तीचा माणूस आधी कुठे पाठवायचा हे माझ्या अहवालावरून कुणालाही कळणार नाही. मला जास्त खुपतं ते हे.

फ्लेअरचा किस्सा तर आणखी भारी. चेंबूर-माहुलकडे रात्री रिफायनरीच्या चिमणीच्या टोकाला जळताना दिसते ती ज्योत, तिला फ्लेअर म्हणतात. नको असलेला वायू नुसता सोडण्यापेक्षा जाळलेला बरा, कारण मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हिशोबात धरत होते की ९८ टक्के मिथेन जळतो. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. संशोधकांनी टेक्सास, न्यू मेक्सिको आणि नॉर्थ डकोटातल्या तेलक्षेत्रांवर विमान फिरवून धूर तपासला. काही फ्लेअर नीट जळत नव्हते, काही चक्क विझलेले होते. एकूण परिणामकारकता आली ९१.१ टक्के. परीक्षेत ९८ आणि ९१ दोन्ही डिस्टिंक्शनच, पण इथे उरलेले मार्क मोजायचे असतात. दोनाच्या जागी नऊ, म्हणजे न जळलेला मिथेन चौपटीहून जास्त.

मग मिथेनचे टन कार्बन डायऑक्साइडच्या टनांत बदलायचे. मिथेन किती पट तापदायक? शंभर वर्षांच्या हिशोबाने आधी २१ म्हणत, मग २५, मग २८. वीस वर्षांचा हिशोब धरला तर ८० च्या वर. ईपीएने १ जानेवारी २०२५ पासून २५ चे २८ केले. आमच्या टेस्ट सर्व्हरवर मी ती एक ओळ बदलली आणि मिथेनचा आकडा एका रात्रीत १२ टक्क्यांनी वर! जगात कुठेही एक झडपसुद्धा हलली नव्हती.

म्हणून हे सगळं थोतांड का? नाही हो. नुसतं वरून बघूनही भागत नाही. विमान एक दिवस येतं आणि त्या दिवसापुरतं सांगतं. उपग्रहाला मोठी गळती दिसते. २०१८ च्या फेब्रुवारीत ओहायोत एक विहीर उसळली, वीस दिवसांत सुमारे ६० हजार टन मिथेन गेला, आणि तो अंदाज निघाला उपग्रहाच्या नोंदींवरून. फॅक्टरच्या कोष्टकात अशा दिवसाला ओळच नाही. पण बारीकसारीक गळत्या तिथून दिसत नाहीत, समुद्रावर तर आणखी पंचाईत, कारण पाणी प्रकाश फारसा परतवत नाही. आपल्या मुंबई हायसारख्या ठिकाणी हीच अडचण. खास मिथेनसाठी मार्च २०२४ मध्ये सोडलेल्या मिथेनसॅटचा संपर्क जून २०२५ मध्ये तुटला तो तुटलाच. म्हणजे खालून केलेला गुणाकार आणि वरून केलेलं मोजमाप, दोन्ही लागतात, आणि दोन्ही जुळवून बघावे लागतात. २०१८ मध्ये तसं जुळवलं तेव्हा अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतला २०१५ चा मिथेन सरकारी आकड्यापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त निघाला.

आता मुद्द्याचं. दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक तिकीट आलं. गुंतवणूकदारांसाठी काढायच्या ऐच्छिक अहवालाचं. मजकूर साधारण असा : एखाद्या उपकरणाचा मोजलेला आकडा उपलब्ध असेल आणि तो फॅक्टरपेक्षा कमी असेल तर मोजलेला वापरा, अन्यथा फॅक्टर.

कोडमध्ये ही एक ओळ आहे. दोन आकड्यांतला लहान तो घ्या. पहिल्या वर्षाचा पोरगाही लिहील. पण सरासरीत काही वर असतात म्हणून काही खाली असतात. खालचे खरे धरायचे आणि वरच्यांना सरासरीवर आणायचं म्हटल्यावर ती सरासरी उरलीच कुठे?

कॉलवर मी हे विचारलं. पलीकडचा माणूस खलनायक वगैरे अजिबात नाही. बारा-पंधरा वर्षं विहिरींवर काढलेला, शांत. तो म्हणाला, "शेजारची कंपनी मोजतच नाही. तिचा आकडा फॅक्टरचा, म्हणून गोंडस. मी कॅमेरे लावले, माणसं पाठवली, गळत्या शोधल्या, तर माझा आकडा वाढतो. पेपरात नाव माझं येणार. मग पुढच्या वर्षी मोजायला बजेट कोण देईल?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये आणलेल्या ओजीएमपी २.० मध्ये यावर एक तोडगा आहे. आकडा कितीही असो, तो कसा काढला याची १ ते ५ अशी पातळी ठरते. पाचवी म्हणजे उपकरणनिहाय बेरीज पूर्ण साइटच्या मोजमापाशी जुळवून पाहिलेली. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेला युरोपचा मिथेन कायदाही मोजमापाकडेच ढकलतो. पण त्या माणसाचा प्रश्न यंदाच्या अहवालाचा होता.

मॅनेजरशी बोलून मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, जानेवारीत ज्या उपकरणाला जी पद्धत निवडाल तीच डिसेंबरपर्यंत, मधे बदल नाही. दोन, अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी एक कॉलम, 'मोजलेला' की 'गुणलेला'. म्हणजे वाढलेला आकडा मोजल्यामुळे वाढला हे वाचणाऱ्याला दिसेल, आणि शेजाऱ्याचा गोंडस आकडाही कसा आला हे कुणीतरी विचारेल.

पहिली त्यांनी लगेच मान्य केली. लहान आकडा निवडणारी ती ओळ त्यामुळे लिहावी लागली नाही. कॉलमबद्दल मात्र त्यांचे वकील, गुंतवणूकदार विभाग आणि विहिरीवरची मंडळी यांच्यात अजून खल चालू आहे. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला कॉल आहे. कॉलम मी टेस्ट सर्व्हरवर करून ठेवलाय.