दोन तुळशी

आमच्या वेळच्या केसपेपरवर नाव, वय, गाव आणि धर्म असे रकाने असायचे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत धर्माचा रकाना मी किती हजार वेळा भरला, त्याचा हिशेब नाही. दोन सेकंदांचं काम. नाव ऐकलं की कळायचंच. पेशंटला विचारावं लागायचं नाही आणि मी विचारायचेही नाही.

१९८६ सालचा आषाढ. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी रुग्णालय, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, चाळीस खाटा आणि जमिनीवर गाद्या घातलेले आणखी दहाबारा. रात्रपाळीला मी एकटी स्टाफ नर्स, सोबत एक शिकाऊ मुलगी, एक मामा आणि एक मावशी. नोकरीला चार वर्षं झाली होती. नर्सच्या आयुष्यातला हा सगळ्यात धोक्याचा काळ. हात बसलेला असतो आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं.

अकराच्या सुमाराला सत्तरीचे एक आजोबा आले. हर्निया अडकला होता, पोट फुगलेलं, उलट्या चालू. मुलगा दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर. आजोबाही निघायचे होते, पण दुखण्यानं आधी गाठलं. सोबत फक्त सून, डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढणारी. सर्जननी तपासलं आणि अर्ध्या तासात टेबलवर घ्या म्हणाले.

ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंटच्या अंगावरचं सगळं उतरवायचं असतं. अंगठी, कडं, करदोटा, कवळी, गळ्यातलं जे असेल ते. रक्त थांबवायला विजेवर चालणारी कॉटरी वापरतात, अंगावर धातू असला तर तिथे भाजू शकतं. शिवाय भूल देणाऱ्याला गळा मोकळा लागतो. मी करदोटा कापला, कानातली भिकबाळी काढली आणि गळ्याशी आले. तिथे तुळशीची माळ होती. मणी झिजून गुळगुळीत झालेले, घामानं काळपट. दोरा भिजून असा आवळला होता की गाठ सुटेना. आजोबांनी माळेवर हात ठेवला.

"माळ ऱ्हाऊ द्या, माय."

त्या रात्री ते माझ्याशी एवढंच बोलले. मी म्हटलं, "नंतर घालू हं आजोबा," त्यांचा हात बाजूला केला आणि कात्री चालवली. मणी फरशीवर उडाले, स्ट्रेचरखाली घरंगळत गेले. शिकाऊ मुलगी वेचायला वाकली, तर मी तिच्यावरच ओरडले, "ते राहू दे. आधी ट्रॉली ढकल." सकाळी वॉर्ड झाडला गेला तेव्हा पोटावरचे काढलेले केस, कापसाचे बोळे आणि तुळशीचे मणी एकाच बादलीत गेले. मी तेव्हा रिपोर्ट देत होते. सगळं व्यवस्थित उरकल्याचं समाधान होतं.

आतडं वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी पोट हललं, नाकातली नळी निघाली आणि पातळ सुरू करायची ऑर्डर आली. माझीही पाळी बदलून दिवसाची झाली होती. आजोबांनी पाण्याचे घोट घेतले, पण चहा नको, पेज नको, दुधाला हात नाही. "नगं माय," म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे. मी समजावलं. मग रागावले. मग त्यांच्या वयाचा विचार करून पुन्हा समजावलं आणि वेळ नसल्यानं पुन्हा रागावले. नर्सिंग नोट्समध्ये आम्ही इंग्रजीत लिहायचो. मी लिहिलं: 'पेशंट नॉट को-ऑपरेटिव्ह. रिफ्यूजिंग फीड्स.' अक्षर माझं चांगलं होतं.

सलाईनवर किती दिवस ठेवणार? हाताच्या शिरा सुजल्या, सुई घालायला जागा मिळेना. पाचव्या दिवशी सर्जन म्हणाले, घेत नसतील तर नळीनं द्या. ती नळी मी घातली. नळी नाकातून घशात उतरते तेव्हा पेशंटला "गिळा, गिळा" असं सांगत राहावं लागतं. आजोबा गिळत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळी घालताना ते येतंच, असं मी शेजारी उभ्या शिकाऊ मुलीला शिकवलं. मग मोठ्या सिरिंजनं दूध-साखर दिली. ताकद यावी म्हणून नळीतल्या दुधात कच्चं अंडं फेटून घालायचीही तेव्हा पद्धत होती. त्या दिवशी किचनमध्ये अंडी संपली होती. माझ्या हातून झालं नाही असं त्या आठवड्यात एवढं एकच, आणि त्याचं श्रेय किचनला.

संध्याकाळी पॅन नेता नेता मावशी थांबल्या. "सिस्टर, त्यो म्हातारा माळकरी हाय. गळ्यात माळ नसली की ही मानसं अन्न घेत न्हाईत. तुमी नाकातनं घातलं, ते काय त्यानं घेतलं न्हवं, म्हनून गप बसला आसंल."

मी सुनेला बाहेर बोलावलं. तुला हे माहीत होतं का, विचारलं.

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कामात हुता."

मावशींच्या आळीत एक भजनी बुवा होते. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला ते चार वाजता नवी माळ घेऊन आले, खाटेशी वाकून काहीतरी पुटपुटले आणि माळ आजोबांच्या गळ्यात घातली. सगळं मिळून दोनतीन मिनिटं लागली असतील. आजोबांनी चहा मागितला. मी नळी काढली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी नंतर सहज केल्यासारखं विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, लाकूड ते. चिकटपट्टीनं खांद्यावर बांधून पाठवली असती तरी चाललं असतं." म्हणजे माझा नियमही मला अर्धाच माहीत होता.

उपाशी अंगाची जखम लवकर भरत नाही. आठ दिवसांत घरी जायचा माणूस अठरा दिवस राहिला. आषाढी एकादशी वॉर्डातच गेली. निघताना त्यांनी विचारलं, "जुनी माळ कुटं हाय? मनी आसले तर द्या, चंद्रभागेत सोडतो." मी म्हटलं, गडबडीत हरवली. बादलीचं सांगितलं नाही. त्यांनी मला हात जोडले. मी माफी मागितली नाही. टाके बघायला कधी यायचं ती तारीख सांगितली.

गंमत अशी की हे मला शिकवलं गेलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सबाईंनी माणसाच्या मूलभूत गरजांची चौदा कलमी यादी केली आहे, ती आम्हाला तोंडपाठ होती. श्वास पहिला, खाणंपिणं दुसरं, आणि अकरावं कलम आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणं. परीक्षेत मी चौदाही क्रमानं लिहिली होती. अकरावी गरज गळ्यात घातलेली असू शकते आणि तिच्यावाचून दुसरी अडून बसते, हे उत्तरपत्रिकेत कुठे लिहायचं असतं?

यानंतर मी सुधारले असं वाचकाला वाटत असेल, तर पुढचं सांगायलाच हवं. मी सुधारले नाही, भाविक झाले.

मधल्या काळात आई गेली. मी देवाधर्माकडे वळले, आणि जे मला लाभलं ते वॉर्डालाही लाभावं असं मला वाटू लागलं. मी आता इन्चार्ज सिस्टर होते, त्यामुळे मला वाटेल ते वॉर्डाला वाटून घ्यावं लागायचं. ड्युटी रूमबाहेर देवाची तसबीर लावली. सकाळी टेपवर भक्तिगीतं सुरू केली. बऱ्याच पेशंटांना ती आवडायची हे खरं आहे. कोणाला आवडत नाहीत हे मात्र मी कधी विचारलं नाही. शेवटच्या खाटेवरचे एक मुस्लिम चाचा टेप सुरू झाला की चादर डोक्यावर ओढून घ्यायचे. त्यांना पहाटे थंडी वाजते, अशी माझी समजूत होती.

१९९९ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर झालेले एक गिरणी कामगार आमच्याकडे आले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या संपात होते. दत्ता सामंतांच्या हाकेला जे सुमारे अडीच लाख लोक बाहेर पडले, त्यांतले एक. गिरणी गेली, खोली गेली, गावाकडे येऊन थोडी शेती केली. देव मानत नव्हते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, भांडून नव्हे, आपल्याला शेपूची भाजी चालत नाही असं सांगावं तसं. टेपबद्दल म्हणाले, "सिस्टर, आवाज थोडा कमी केलात तर बातम्या ऐकू येतील." उशाशी छोटा रेडिओ होता. मी आवाज कमी केला, पण मनात त्यांची कीव केली. मरणाच्या दारात माणूस किती अडून बसतो, असं घरी येऊन बोललेही.

एके दुपारी त्यांनी मला बोलावलं. धाप लागत होती, शब्द तुटत होते. एक पत्र लिहून हवं होतं. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा एक साथी कामावर परत गेला होता. यांनी त्याला चाळीत चारचौघांत फितूर म्हटलं आणि पुन्हा तोंड बघितलं नाही. "त्याची पोरं उपाशी होती," म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं." माझ्या हातात इंजेक्शनचा ट्रे होता. मी म्हटलं, "उद्या लिहू. आता शांत पडा आणि देवाचं नाव घ्या, बरं वाटेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. रेशनच्या दुकानात 'साखर संपली' ऐकल्यावर माणूस बघतो, तसे बघत होते.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते. संध्याकाळी श्वास अडखळायला लागला, तेव्हा मी कपाटातली गंगाजलाची कुपी काढली, अंगणातून तुळशीचं पान आणलं आणि त्यांच्या तोंडात घातलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी हे पुष्कळांना केलं होतं आणि पुष्कळ नातेवाइकांनी त्याबद्दल माझे पाय धरले होते. मला वाटलं, याही माणसाचं शेवटी भलं करावं.

मुलगी दारात उभी होती. ती आत आली, रुमालानं त्यांच्या ओठांवरचं पाणी टिपलं, बोट घालून पान काढलं. मला म्हणाली, "बाबा आयुष्यभर याला नाही म्हणत आले. त्यांना नाही म्हणता येईना तेव्हा तुम्ही घातलंत."

मग तिनं विचारलं, ते काही सांगून गेले का? मी म्हटलं, नाही.

दुसऱ्यांदा खोटं बोलले. त्या रात्री घरी तुळशीपाशी दिवा लावायला गेले आणि तशीच उभी राहिले. तेरा वर्षांपूर्वी एका माणसाच्या गळ्यातली तुळस मी कापली होती. आज दुसऱ्याच्या तोंडात ती कोंबली होती. दोन्ही वेळा मी घाईत होते आणि दोन्ही वेळा माझंच बरोबर होतं.

पुढे एका प्रशिक्षणात सिसिली साँडर्स यांच्याबद्दल ऐकलं. बाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घरादाराचं आणि आत्म्याचंही दुखणं मिसळलेलं असतं आणि सगळ्यांचा मिळून विचार करावा लागतो, हे त्यांचं म्हणणं. बाकीच्या बाया टिपणं घेत होत्या. मला पत्र आठवत होतं. त्या गिरणी कामगाराचं दुखणं कुठलं होतं आणि त्यावर औषध काय होतं, हे त्यानं मला स्पष्ट मराठीत सांगितलं होतं. एक कागद, एक पेन आणि पंधरा मिनिटं. आत्म्याचं दुखणं म्हटलं की मी तसबिरीकडे बघायचे. ते चाळीतल्या भांडणातही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

टेप मी बंद केला. तसबीर राहू दिली, कारण ती काढली असती तर निराळंच भांडण उभं राहिलं असतं. ते चाचा केव्हाच घरी गेले होते, त्यांना काही विचारायचं राहिलंच. ॲडमिशनच्या वेळी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली: "इथे असताना तुमचं काही चुकू नये असं काही आहे का?" बहुतेक लोक तंबाखू म्हणायचे. एकानं म्हशीची धार सांगितली. एका बाईंना सोमवारी मीठ नको होतं. एका मुलानं सचिनची बॅटिंग सांगितली. एक तरुण बाई, चार वर्षांच्या पोराची आई, काही न बोलता नुसती बघत राहिली आणि दोन दिवसांनी ड्रेसिंग करताना म्हणाली, "सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" पूर्वी मी 'असं बोलू नये' म्हणून पट्टी गुंडाळली असती. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही, म्हणून स्टूल ओढून बसले. ती बराच वेळ बोलली. पुढच्या खाटेचं ड्रेसिंग तासभर लांबलं आणि त्या पेशंटच्या भावानं मेट्रनकडे तक्रार केली. तक्रार रास्त होती.

आजोबांचा केसपेपर एव्हाना रद्दीत गेला असेल. कुठल्या गठ्ठ्यात अजून असलाच, तर त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं सापडेल: 'पेशंट नॉट को-ऑपरेटिव्ह.' खाली माझी सही आहे. ती नोंद चुकीची आहे.