रैयोलीच्या माळावर

बडोद्यास राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सांगाड्यांचे अप्रूप फारसे नसते. कमाटीबागेतल्या संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा पाहतच आमच्या घरची मुले वाढली. तरीही गेल्या पौषात आम्ही रैयोलीस जावयास निघालो, त्याला कारण झाला नातीचा एक प्रश्न. दूरचित्रवाणीवर डायनासोरांचा माहितीपट चालला होता. हिरवट कातडीचा, तांबड्या तुऱ्याचा एक प्राणी डरकाळ्या फोडीत धावत होता. "आजोबा, त्याचा रंग कोणी पाहिला?" तिने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

मही ओलांडून आणि बालासिनोर मागे टाकून आपण रैयोलीस पोहोचतो, तेव्हा प्रथम दिसतो तो निव्वळ खडकाळ माळ. १९८१ साली भूवैज्ञानिकांना येथे हाडांचे आणि अंड्यांचे अवशेष आढळले. सह्याद्री घडविणारा लाव्हारस ज्या युगात उसळला, त्याच सुमारास, म्हणजे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, हे प्राणी येथे नांदत होते. खडकात रुतलेली नारळाएवढी गोल अंडी वाटाड्याने पाणी शिंपडून दाखविली, तेव्हा आमच्या मंडळींचा गलबला आपोआप थांबला.

येथील मानकरी म्हणजे 'राजासॉरस नर्मदेन्सिस', नर्मदाकाठचा राजा. त्याचे नामकरण २००३ साली झाले. मात्र हा मांसाहारी राजा अखंड सापडलेला नाही. मेंदूभोवतीची कवटी, मणके, कंबर, मागचे पाय आणि शेपटी यांचे काही भाग तेवढे मिळाले. उरलेला चेहरा मादागास्करमधील त्याच्या भाऊबंदांवरून बेतला आहे. लांबीही आधी साडेसात मीटरांवर मानली गेली. पुढे एका अभ्यासाने ती साडेसहाच्या आसपास आणली. आणि रंग? तो कोणालाच ठाऊक नाही. तो चित्रकाराचा.

नात हिरमुसली. पण वाटाड्याने सांगितलेली पुढची हकिकत अधिक मोलाची होती. १९८२ ते १९८४ या काळात सुरेश श्रीवास्तव यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा कोणते हाड नेमके कोठे पडले होते याचा नकाशा त्यांनी काढून ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी कोणती हाडे एकाच प्राण्याची, हे त्या नकाशावरूनच जुळविता आले. याच मुलखातील धोळी डुंगरी येथील एका दगडाचे वर्णन भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील हाडे डायनासोरच्या पिलाची वाटली होती. पुन्हा न्याहाळता त्यांतले मणके सापाचे निघाले! फुटक्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला साडेतीन मीटरांचा साप, शेजारी नुकते जन्मलेले पिलू. २०१० साली ही गोष्ट जगापुढे आली. दगड तसाच जपला होता, म्हणून चूक सुधारता आली.

हे ऐकताना आमचा हात मात्र खिशात अवघडला होता. वाटेत उचललेला, हाडासारखा दिसणारा एक खडा त्यात होता. बडोद्यास कपाटात ठेवावा, एवढाच हेतू. नातीने तो पाहिला होता. वाटाड्याच्याही ते ध्यानी आले असावे. तो रागावला नाही, हळूच म्हणाला, "काका, अहींनुं अहीं ज रहेवा दो."

आम्ही ओशाळून माघारी वळलो. खडा परत ठेवला. परतताना महीचा पूल लागला, तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, जिथून घेतला होता तिथेच ठेवलात ना?"

वाचकहो, खरे सांगावयाचे तर ती नेमकी जागा आम्हांस काही केल्या सापडली नव्हती.