सायबिणीचे तेल

२०२० साली म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त २७ एप्रिलला आले आणि शिरगावच्या लईराईच्या जत्रेची वैशाख शुद्ध पंचमी दुसऱ्याच दिवशी, २८ ला. दर वर्षी असे जुळत नाही. ईस्टरचा रविवार वसंतातल्या पुनवेवरून ठरतो आणि सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी. जत्रेची पंचमी चैत्री पुनवेनंतर विसेक दिवसांनी. दोघांच्या हाती एकच पुनव लागली की तारखा जवळ येतात. त्या वर्षी ती लागली होती: ८ एप्रिलची, हनुमान जयंतीची. पाद्री आणि भटजी एकाच चंद्राकडे बघून बोटे मोजत होते. आणि बहिणी इतक्या शेजारी आलेल्या असताना नेमकी कोरोनामुळे दोघींच्याही दारी जायची बंदी.

बहिणी म्हणजे सख्ख्या. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा, ही गोष्ट उत्तर गोव्यात कोणाला सांगावी लागत नाही. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, महामाया मयेला. मोरजाई मोरजीला, म्हणजे पेडण्यातल्या आम्हा तुयेकरांना सगळ्यांत जवळची. मिराबाई म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली. तीच सायबीण. लईराईकडून तिला मोगरीची फुले जातात, तिच्याकडून लईराईला तेल येते, असे सांगतात. इतिहासकार यावर काय म्हणायचे ते म्हणोत. बहीण धर्म बदलून परकी होत नाही, एवढे आमच्या आजीला पुरेसे होते. तेलाची बाटली आणि मेणवात्या घेऊन ती फेस्ताला निघायची ती बहिणीकडे निघाल्यासारखीच.

पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आले ते १७८८ च्या तहाने. तोवर म्हापशाच्या बार्देशात इगर्जींना दोन शतके उलटून गेली होती. आमच्याकडे त्या मानाने इगर्जी थोड्या, देवळे आपापल्या जागी, आणि कपेलातल्या लादाइनीच्या प्रार्थनेला शेजारपाजारचे हिंदूही उभे. भक्तीचा मोठा भाग असा जाण्या-येण्यातच असतो.

हे जाणे-येणे २०२० च्या २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून थांबले. आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांनी लोकांसाठीच्या मिसा बंद ठेवल्या. १० एप्रिलच्या गुड फ्रायडेला खुरसाचे चुंबन नाही, इगर्जीच्या दाराशी तीर्थाच्या पाण्यात बोट बुडवणे नाही. इकडे सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद, सावंतवाडीच्या बाजूचे सोयरे पलीकडे अडकलेले. गंमत म्हणजे गोव्यातले पहिले सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले होते. फेस्ताच्या आणि पंचमीच्या दिवशी सरकारी नोंदीत राज्यात एकही आजारी नव्हता. बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण रोग दिसत नसताना देवाकडे न जाणे हे साथ अंगणात आली असताना न जाण्यापेक्षा अवघड गेले, हे खरे.

आमच्या शेजारणीला सगळा वाडा माय म्हणतो. तिच्याकडे मीस टीव्हीवर आली. टीव्हीपुढे स्टूल, त्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल, रुमालावर मेणबत्ती. पाद्रीने उठायला सांगितले की माय उठायची. मध्येच केबल अडकून चित्र थिजले की हात जोडून तीही थिजायची, पाद्रीचे ओठ पुन्हा हलेपर्यंत. मी कुंपणापलीकडून विचारले, “माय, बरें दिसता मू?”

“मीस घरा आयलें, बरें जालें,” ती म्हणाली. “पूण सायबिणीचें तेल खंय घालूं? टीव्हीर?”

तिचा मुलगा इंग्लंडात, स्विंडनला. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांची तिथे मोठी वस्ती आहे. त्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, म्हणजे अँग्लिकन पंथाचे सर्वांत वरचे धर्मगुरू, १२ एप्रिलची ईस्टरची उपासना लॅम्बेथ राजवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरातून चालवत होते. त्यांच्या चर्चने मार्चअखेरीस पाद्रींनासुद्धा आपापल्या चर्चमध्ये जायला मना केले होते, आणि त्यावरून तिथले काही पाद्री चांगलेच चिडले होते. सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षारस घ्यायची त्यांची जुनी रीत तर त्याआधीच थांबली होती.

मायने व्हिडिओ दोनदा पाहिला. “रांदचेकुडींत? आनी ताची बायल मागीर रांदता खंय?” मी सांगितले, अँग्लिकन बिशपांना खरोखरच बायको असते. या बातमीने ती जेवढी हादरली तेवढी कोरोनाने हादरली नव्हती.

त्या दिवसांत जो तो म्हणत होता, देव मनात असतो, देवळात कशाला जायला हवे? ऐकायला बरे वाटते. पण मनातल्या देवाला ना तेल लागते, ना फूल; त्याच्या रांगेत कोणी पुढे घुसत नाही, म्हणून भांडणही होत नाही. पेडण्यातला कोणताच देव इतका सोवळा मला माहीत नाही. वाड्यातला एक धोंड, म्हणजे लईराईचा व्रती भक्त, दर वर्षी व्रत पाळून शिरगावला जातो, तळीत न्हातो, पहाटे होमखणातले निखारे तुडवून येतो. त्या पंचमीला तो घरच्या विहिरीवर न्हाला आणि लोकरीच्या गोंड्यांची वेताची काठी हातात धरून अंगणात उभा राहिला. पुढे काय करायचे ते त्याला सुचेना. चालायला निखारे नव्हते आणि मागे-पुढे दुसरा धोंड नव्हता. शेवटी त्याने काठी तुळशीला टेकवली आणि परसातली मोगरी खुडायला घेतली. शिरगावला जायच्या सगळ्या कळ्या त्या वर्षी आमच्याच वाड्यात उमलल्या. ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यात मोगरा, टीव्हीपुढच्या मायच्या रुमालावरही मोगरा.

२०२१ ला ईस्टरने २८ मार्चची होळीची पुनव धरली आणि आमच्या पंचमीने त्याच्या पुढची. फेस्त १९ एप्रिलला, पंचमी १७ मेला. मधल्या महिन्यात दुसरी लाट आली. चाचणी केलेल्या दोघांत एक बाधित निघत होता, बांबोळीच्या इस्पितळात प्राणवायूसाठी रात्री-अपरात्री धावपळ चाललेली. तेव्हा जत्रेचे नाव काढायची कोणाची छाती नव्हती. त्यात १६ मेला तौक्ते वादळाने खांब आणि माड आडवे केले. पंचमीला वीज नाही, फोन मेलेले. टीव्हीवरचा देवही गेला. पंप बंद म्हणून धोंडाने कळशीने पाणी ओढून आंघोळ केली. त्याची बायको सांगत होती, यंदा त्याला बरे वाटले. निदान हात तरी दुखले.

२ मे २०२२ ला सायबिणीचे फेस्त भरले आणि त्याच आठवड्यात शिरगावची जत्रा. म्हापशाच्या बसमध्ये उभे राहायलाही जागा नव्हती. मायच्या पिशवीत तेलाच्या तीन बाटल्या. कंडक्टर ओरडला, “माय, बूच घट आसा मू?” ती म्हणाली, “फाटल्या दोन वर्सांचें देणें आसा बाबा, कशें उणें हाडूं?” आणि एक बाटली त्याच्याच हातात देऊन तिने वरची कडी धरली. म्हापशाला उतरल्यावर पहिले काम मोगरीच्या वळेसराचा भाव विचारण्याचे. फुलकारीण दुप्पट सांगत होती. माय म्हणाली, हे फूल बहिणीकडचे, याला कसले पैसे? फुलकारीण म्हणाली, मग बहिणीकडूनच माग. दोघींची चांगलीच जुंपली. मागच्या लोकांनी मला पुढे ढकलले, आणि वळेसराचे पैसे मीच दिले.