सहाला सहा, आठाला चार!

थांबा, हातातलं काम जरा खाली ठेवा! कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर बोटं चालतील. मला मक्यातलं एक गुपित सापडलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज घास घशाखाली उतरायचा नाही!

आधीच कबूल करते, शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं गेली. गॅलरीतला कढीपत्ता दोनदा मेलाय. सध्या लेकीकडे आलेय, अमेरिकेत, आयोवात. ऑक्टोबर चाललाय. तिच्या घरामागचा रस्ता संपतो तिथून मका जो सुरू होतो तो थेट आभाळाला टेकतो! तिथले शेतकरी आजोबा स्वतःला 'लहान शेतकरी' म्हणवतात. जमीन किती? १६० एकर! मी दोनदा विचारलं. अर्ध्यात मका, अर्ध्यात सोयाबीन, पुढच्या वर्षी अदलाबदल. लहान म्हणे!

तर परवा त्यांनी मला कापणीच्या यंत्रात, त्या अवाढव्य कम्बाइनमध्ये, शेजारच्या सीटवर बसवलं. समोर लावलेलं असतं त्याला कॉर्न हेड म्हणतात. लांबलचक टोकदार नाकं! सहा ओळींचं हेड, म्हणून नाकं सात. मोजली! दोन नाकांच्या फटीत मक्याची एक ओळ शिरते, आणि मग खालचे दोन रूळ ते वाळलेलं ताट सरसर खाली ओढतात, आणि वरच्या दोन पट्ट्यांमधली फट एवढीशीच असते की ताट जातं पण कणीस अडकतं, आणि मग कट्! कणीस तुटून वर राहतं आणि साखळ्या त्याला आत घेऊन जातात! कणीस कुणी कापतच नाही हो! मला वाटलं होतं आत कुठंतरी मोठा विळा असेल.

मग मी विचारू नये ते विचारलं. "सहाच ओळी का? आठ का नाहीत?"

आजोबा म्हणाले, "कारण माझा प्लँटर सहाचा आहे."

प्लँटर म्हणजे वसंतात मका टोकायचं यंत्र. मे महिन्यात काय वापरलं त्याच्याशी ऑक्टोबरचा काय संबंध? पण संबंध आहे! तोच तर सगळा संबंध आहे! त्यांनी धुळीनं भरलेल्या काचेवर बोटानं रेघा मारल्या आणि मी सीटवर उड्या मारायच्या बाकी राहिले.

बघा हं. प्लँटरला सहा पेट्या, एका लोखंडी दांड्यावर, दोघींत बरोबर ३० इंच. लोखंडच ते, त्यामुळे एका फेरीतल्या सहा ओळी एकमेकींपासून हलूच शकत नाहीत. पण ट्रॅक्टर शेताच्या टोकाला वळून परत येतो तेव्हा? आधीच्या फेरीची शेवटची ओळ आणि नव्या फेरीची पहिली ओळ यांच्यातलं अंतर लोखंड ठरवत नाही, माणूस ठरवतो! मदतीला एक लांब हात असतो, त्याच्या टोकाची चकती मातीत रेघ ओढत जाते आणि पुढच्या फेरीत ट्रॅक्टरचं नाक त्या रेघेवर ठेवायचं. बस्स! उतार असेल तर यंत्र खाली सरकतं, ऊन डोळ्यांवर आलं तर रेघ दिसत नाही. दोन फेऱ्यांमधल्या त्या अंतराला तिकडे 'गेस रो' म्हणतात. अंदाजाची ओळ! मला हे नाव इतकं आवडलं की मी ते तीनदा मोठ्यानं म्हटलं.

आता बोटं काढा. प्लँटर सहाचा, हेड चारचं. पहिल्या फेरीत ओळ १ ते ४, मजेत. दुसरीत ५, ६ आणि पलीकडच्या १, २. अरे देवा, पोटात अंदाजाची ओळ! हेडच्या फटी तर तीस-तीस इंचांवर ठाम. मधलं अंतर चुकलेलं असेल तर नाक ताटाला ढुशी देतं, ताट आडवं, कणीस जमिनीवर. तिसरी फेरी पुन्हा साफ. म्हणजे तीनात एक फेरी जोखमीची. आता उलटं करा, प्लँटर चारचा आणि हेड सहाचं. प्रत्येक फेरीत अंदाजाची ओळ पोटात! प्रत्येक! मी काचेवर चारदा मांडून बघितलं, सुटका नाही. आणि आठाच्या प्लँटरला सहाचं हेड लावलंत तर चारातल्या दोन फेऱ्या गेल्या.

पण आठाला चार? झकास! बाराला सहा? झकास! प्लँटरच्या ओळींना हेडच्या ओळींनी निःशेष भाग गेला पाहिजे. चौथीतला भागाकार! आणि पडलेल्या कणसांचे दाणे पुढच्या वर्षी सोयाबीनमध्ये मका होऊन उगवतात, म्हणजे तुमची चूक रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्या गावाला दिसते!

मोठे शेतकरी हल्ली उपग्रहाच्या इशाऱ्यावर ट्रॅक्टर चालवतात, ते एखाद्या इंचाच्या आत चुकतात, त्यांना अंदाजाच्या ओळीची फारशी धास्ती नाही. लहान माणूस मात्र लिलावातली जुनी यंत्रं घेतो, आणि तिथंच फसतो. स्वस्तात आठाचा प्लँटर दिसला की हात वर जातो आणि घरी हेड असतं सहाचं! मला विचाराल तर (विचारू नका, पण विचाराल तर) आधी कम्बाइन बघावं. त्याची ताकद चार ओळींचं हेड पेलण्याइतकी असेल तर प्लँटर चारचा किंवा आठचा. कम्बाइन बदलणं केवढ्याला पडतं! त्यापेक्षा प्लँटर बदललेला परवडला. सहाचं हेड ताशी चार मैलांनी चाललं तर कागदावर तासाला सात एकरांहून थोडं जास्त, चारचं असेल तर पाचाच्या जरा आत. ऐंशी एकर मक्याला एवढं पुरतं हो! पाऊस मध्ये आला नाही तर.

आणि यंत्रांच्या नावांतही गणित! आजोबांचं हेड जॉन डिअरचं ६४३. पहिला सहा म्हणजे सहा ओळी, शेवटचा तीन म्हणजे तीस इंच! मला वाटलं होतं उगाच काहीतरी नंबर. याच कंपनीनं १९५४ साली कम्बाइनला लावायचं कॉर्न हेड आणलं तेव्हा ते फक्त दोन ओळींचं होतं. दोन!

रात्री न राहवून सांगोल्याला भावाला फोन लावला. तिकडे सकाळ. सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पेरायच्या तिफणीच्या फणांमधलं अंतर बघूनच तण काढायच्या कोळप्याची पास घ्यावी लागते. यात नवीन काय?" साठ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही! "तू विचारलंस कधी?" म्हणाला.

आज सकाळी लेकीची शिवणाची टेप घेऊन कापलेल्या रानात गेले. धसकटांमधलं अंतर मोजलं. तीस. तीस. तीस. तीस. तीस. आणि मग... चौतीस! सापडली! भर थंडीत एकटी ओरडले. टेपेसकट फोटो काढून आजोबांना पाठवला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "तिथं मला शिंक आली होती."