चौथ्या डाउनचा माणूस

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी, म्हणजे ‘डाउन’, मिळतात. तीन फुकट गेल्या आणि चौथीची जोखीम नको असली की मैदानात पंटर येतो. चेंडू हातातून सोडायचा, जमिनीला टेकायच्या आत लाथाडायचा आणि प्रतिस्पर्ध्याला जमेल तितकं मागे रेटायचं. हा गडी सारखा दिसू लागला की प्रेक्षकांनी समजावं, आज आपलं काही खरं नाही.

आयोवा विद्यापीठाच्या चाहत्यांनी मात्र त्यालाच डोक्यावर घेतलं. टोरी टेलर मूळचा मेलबर्नचा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळत वाढला, ‘प्रोकिक ऑस्ट्रेलिया’ या अकादमीत पंटिंग शिकला आणि विशी उलटल्यावर, 2020 साली आयोवात दाखल झाला. विद्यार्थी व्हिसामुळे स्वतःच्या नावावर कमाई करायची सोय नव्हती. त्यामुळे त्याचे ‘पंटिंग म्हणजे जिंकणं’ अशा अर्थाचे टी-शर्ट खपले, तेव्हा पैसे धर्मादाय संस्थेला गेले.

पंटर स्नॅपरच्या, म्हणजे पायांमधून चेंडू मागे फेकणाऱ्याच्या, साधारण 15 यार्ड मागे उभा असतो. त्या फेकीपासून, म्हणजे स्नॅपपासून, लाथ बसेपर्यंत वेळ जेमतेम दोन सेकंद, आणि समोरून धिप्पाड माणसं अंगावर येत असतात. सगळे त्याच्या पायाकडे बघतात. खरं कसब हातात असतं. चेंडू सोडताना टोक जरासं कललं, तर पाय कितीही ताकदीचा असो, चेंडू भलतीकडेच जातो. ऑस्ट्रेलियन मुलं हा चेंडू टोकावर टोक असा उलटा फिरवतात. तो पडल्यावर पुढे पळत नाही, गोलरेषेच्या अलीकडेच रेंगाळतो.

चूक झाली तर माफी नाही. 17 ऑक्टोबर 2015 रोजी मिशिगनच्या ब्लेक ओनीलने, तोही ऑस्ट्रेलियनच, मिशिगन स्टेटविरुद्ध 80 यार्डांचा पंट मारला होता. शेवटची 10 सेकंदं उरली, संघ 23-21 असा पुढे, आणि स्नॅप त्याच्या हातून निसटला. सामना गेला 27-23. त्या 80 यार्डांचं नाव आता कोण काढतं?

2023च्या मोसमात आयोवाचं आक्रमण इतकं लंगडं होतं, की टेलरवर 93 पंट मारायची पाळी आली. एकूण 4,479 यार्ड! कॉलेज फुटबॉलमधला एका मोसमातल्या पंटिंगचा जॉनी पिंजेलचा 1938चा 4,138 यार्डांचा विक्रम मोडला, तोही टेनेसीने आयोवाला 35-0 असं धुतलं त्या सामन्यात. विक्रमाचं निम्मं श्रेय खरं तर त्या आक्रमणालाच द्यायला हवं. तरी त्या मोसमात आयोवाने दहा सामने जिंकले. टेलरने प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात ढकलायचं आणि बचावफळीने तिथेच दाबून धरायचं, हा त्यांचा खाक्या. सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही टेलरलाच मिळाला.

व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, 2024 साली, शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत उचललं. संघाच्या आक्रमणाचा नवा सूत्रधार, क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सने लगेच निरोप धाडला, की इथे तुला फारसं पंटिंग करावं लागणार नाही. त्या मोसमात बेअर्स 17 पैकी 12 सामने हरले. टेलरला कामाची ददात पडली नाही.