शेजारणीच्या लेकीचा दिवस



नेरुळला आमच्या समोरच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरपी नळी ठोकलेली आहे. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. तिला मेझुझा म्हणतात. शेजारीण बेने इस्रायल. तिचे पूर्वज रायगडातले, तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने नाव ठेवले 'शनिवार तेली'.

तिच्या लेकीला बारा पूर्ण झाली आणि आम्हाला 'बात मित्झ्वा'चे बोलावणे आले. मुलगी आता धर्माच्या आज्ञा पाळायला स्वतः जबाबदार, असा त्याचा अर्थ. मुलग्यांचे हेच तेराव्या वर्षी होते.

माझी आई महाड तालुक्यातली. लहानपणी देवळाच्या पायरीवरून हाकललेली. तिने पहिलेच विचारले, "आत घेतील का गं आपल्याला?" मी तशीच समोर जाऊन विचारून आले. शेजारीण क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मावशींना पुढे बसवणार आहे मी."

तिनेच सगळे समजावले. बाहेरून शिजवलेले काही आणायचे नाही, त्यांच्यात मटण आणि दूध एकत्र चालत नाही. अंगभर कपडे हवेत. शनिवार असता तर फोटो आणि फोनही वर्ज्य, पण कार्यक्रम रविवारी होता. पुरुषांनी डोके झाकायचे, टोप्या दारात मिळतात. आमचे हे बावीस प्रतिज्ञांना पक्के, जरा कुरकुरले. पण टोपी घातली. प्रार्थना म्हणा असे कोणी म्हटले नाही.

हॉलमध्ये बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. हे मला रुचले नाही, आणि ते मी शेजारणीला नंतर सांगितलेही. ती म्हणाली, आमच्या सिनेगॉगमध्ये मुलगी तोराची गुंडाळी वाचत नाही, ही छापील पुस्तकातून वाचणार. न्यूयॉर्कमध्ये 1922 साली ज्यूडिथ कॅप्लान या मुलीची जाहीर बात मित्झ्वा झाली, तिनेही छापील पुस्तकातूनच वाचले होते. पाच वर्षांनी, 25 डिसेंबर 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. बाईने आणि शूद्राने ज्ञानाला हात लावायचा नाही, हेच तर त्या ग्रंथाचे सांगणे होते.

पोरगी उभी राहिली. पाय थरथरत होते. हिब्रू वाचले, मग त्याचा अर्थ मराठीत सांगितला. एका ठिकाणी म्हणाली की ही गोष्ट मला पटली नाही, आणि का ते सांगितले. कोणी तिला थांबवले नाही. शेवटी मलिदा वाटला, म्हणजे गोड पोहे, खोबरे आणि फळे. आईच्या शेजारी पोरीची आजी बसली होती. दोघींच्या माहेरगावांची चौकशी चालली होती.

परतताना गाडीत आईने एवढेच विचारले, "पोरीनं वाचलं, ते तिचं तिला कळत होतं ना?"

"हो, मराठीत सांगितलं की."

"मग बरं."