शाळेच्या नावातील तीन काळ

शाळेचा इतिहास शोधायचा झाला, की आपण कोनशिला, दाखल-खारीज रजिस्टर आणि जुनी छायाचित्रे पाहतो. भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला मात्र शाळेचे नाव आधी वाचावेसे वाटते. चंद्रपुरातील ‘जिल्हा परिषद ज्युबिली हायस्कूल’ या नावात तीन काळ शेजारी शेजारी उभे आहेत.

‘ज्युबिली’ या शब्दाचे मूळ हिब्रू ‘योबेल’मध्ये, म्हणजे मेंढ्याच्या शिंगात आहे. दर पन्नासाव्या वर्षी ते फुंकावे, दास मोकळे व्हावेत आणि विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परतावी, असा प्राचीन यहुदी संकेत होता. युरोपीय भाषांतून फिरताना मुक्तीचा अर्थ मागे पडला आणि उत्सव तेवढा उरला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे असे समारंभ १८८७ व १८९७ मध्ये झाले. पुढे देशभरातील कितीतरी संस्थांच्या नावांत हा शब्द रुजला.

‘हायस्कूल’ हा शब्द आपण इतका आपलासा केला, की त्याचे अनेकवचनही ‘हायस्कुले’ असे मराठी वळणाने करतो. त्यामागचे धोरण मात्र हात राखून होते. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षण शक्यतो खाजगी प्रयत्नांवर सोपवावे आणि सरकारने जिल्ह्यात एखादी नमुनेदार शाळा चालवावी, असे सुचवले. त्या काळच्या चांदा जिल्ह्यात आजची गडचिरोली आणि दूरची सिरोंचाही होती. सिरोंच्याहून चंद्रपूर आजच्या रस्त्यानेही सुमारे २०० किलोमीटर पडते. जिल्ह्याच्या ठिकाणची शाळा कितीही मोठी असली, तरी जंगलातील मुलासाठी तिचे दार अरुंदच होते.

‘जिल्हा परिषद’ हा नावातील सर्वांत तरुण शब्द. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र घडला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. विदर्भातील अनेक सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे आली. राणीच्या गौरवाचा शब्द आता लोकांनी निवडलेल्या संस्थेच्या नावामागे जाऊन बसला. पुढे तालुक्यांच्या गावी माध्यमिक शाळा वाढल्या, आश्रमशाळा उभ्या राहिल्या आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. शाळेची वाट जवळ आली.

अंतर केवळ रस्त्याचे नव्हते. माझ्या वर्गात या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी येतात. कोणाच्या घरी माडिया, कोणाच्या घरी गोंडी, तेलुगू, बंगाली किंवा झाडीबोली. झाडीबोली बोलणारा ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणतो. हा त्या बोलीचा नियमबद्ध ध्वनिविशेष आहे, अशुद्धता नव्हे. तरीही असा विद्यार्थी उत्तर ठाऊक असताना गप्प बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. ‘तुझे बोलणे गावंढळ’ हे वाक्य त्याने शाळेत कधीतरी ऐकलेले असते. शाळेने प्रमाण मराठी द्यावीच, कारण परीक्षा, नोकरी आणि न्यायालय यांची वाट तिच्यातून जाते. तिच्या बदल्यात घरची भाषा उंबरठ्याबाहेर ठेवायला लावणे, हा मात्र अन्याय आहे.

आज इंग्रजी माध्यमाच्या ओढीने अनेक शासकीय शाळांचा पट रोडावतो आहे. त्यांची चिंता करताना आपण इमारती आणि निकाल मोजतो. मला वाटते, या शाळांचे मोठेपण त्यांच्या व्यापक दारात आहे. फी भरू न शकणारा आणि घरी वेगळी भाषा बोलणारा, अशा दोघांनाही हे दार उघडे असते. ते बंद झाले, तर या मुलांना दुसरे दार सहजासहजी मिळणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, संसार आणि नोकरी सांभाळून आपण पुन्हा शिकत आहात. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण अशाच एखाद्या शाळेत झाले असेल, काहींचे तिथेच थांबले असेल. त्या शाळेचे पूर्ण नाव एकदा लिहून काढा. त्यातील प्रत्येक शब्द कोणी दिला, केव्हा दिला आणि तिथे आपल्या घरच्या बोलीला किती जागा मिळाली, हे स्वतःला विचारा. उत्तर आपल्याच बोलीत लिहिले, तरी तो इतिहासच ठरेल.